मधलं गाव

टोनोपा. नेवाडा. हायवे पंच्याण्णव.
दक्षिणेला साडेतीन तासांवर वेगास,
उत्तरेला त्याहून बरंच लांब ते कोरडं तळं
जिथे ऑगस्ट सरता सरता एक शहर उगवतं
आणि आठवडाभरात स्वतःला पुसून टाकतं.
मधे आमचं मोटेल.
बावीस खोल्या, एक बर्फाचं मशीन,
रात्रपाळीला मी.

चादरी रोसाल्वा वाचते.
मला नुसत्या मोजता येतात.
चमकी, टिकल्या, उशीला चिकटलेली खोटी पापणी:
"वेगास," ती म्हणते.
पिठासारखी धूळ, तीन धुण्यांतही न हटणारी,
आणि न्हाणीघरात व्हिनेगरचा दर्प:
"तळं."
तिथली माती खारी. टाचा फुटतात.
मग ही माणसं बादलीत व्हिनेगर ओतून
पाय मुरत घालतात, कैरीच्या फोडींसारखे.

मे महिन्यात नऊजण आले,
नवांच्याही टी-शर्टवर 'डेरिकची शेवटची रात्र'.
नवरदेव कोणता ते विचारावं लागलं नाही,
ओकत होता तोच.
पहाटे काउंटरच्या काचेला कपाळ टेकून म्हणाला,
अकरा हजार.
तिथे घड्याळ नसतं, ठाऊक आहे? खिडकी नसते.
उजाडलं, असं कोणी सांगतच नाही.
मी भिंतीकडे बोट दाखवलं.
आमचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे,
पण आहे.
जाताना खिशात उरलेली चकती ठेवून गेला,
हिरवी, पंचवीस डॉलरची.
त्या एका इमारतीत ती पैसा,
दाराबाहेर प्लॅस्टिक.

सप्टेंबरात ओडेट. टूसॉनची, सत्तरीची,
आयुष्यभर लोकांचे दात उपटून निवृत्त झालेली.
भुवयांपर्यंत पांढरी, हसली की सुरकुत्यांतून धूळ सांडायची.
तिथे पैसा चालत नाही, म्हणाली,
बर्फ तेवढा विकत, बाकी सगळं द्यायचं.
रात्री तीनला कोणा अनोळख्यानं
माझ्या तोंडात गार पीच भरवलं, अर्धं, रस गळणारं.
आणि आत शिरायला? मी विचारलं.
तिनं आकडा सांगितला.
मी तो रोसाल्वाच्या पगाराशेजारी ठेवून पाहिला
आणि तिच्या चहात आलं किसत राहिले.

मग ती म्हणाली,
लाकडाच्या देवळात हावर्डचं नाव लिहिलं.
शेवटच्या रात्री जाळलं ते.
हजारो माणसं होती गं,
एकानंही टाळी वाजवली नाही.

यावर मला काही बोलता आलं नाही.
पुलगावच्या घाटावर आम्हीही गप्पच उभे होतो,
पण आम्ही सहाजण होतो,
आणि लाकडांचे पैसे आधी मोजून घेतले होते.

निघताना तिनं चमचा वाकवून केलेली अंगठी दिली.
का, ते विचारायचं नाही, म्हणाली.
तळ्यावर मागे काडीसुद्धा ठेवायची नाही, असा नियम आहे.
तो तिनं काटेकोर पाळला.
सकाळी आमच्या पिंपात
कचऱ्याच्या सात पिशव्या निघाल्या.

अंगठी मला सैल झाली, रोसाल्वाला बसली;
चादर झटकताना धाग्यात अडकते,
ती शिव्या देते, काढत नाही.
चकती मी बर्फाच्या मशीनच्या
आखूड पायाखाली सरकवली.
आता ते रात्रभर थडथडत नाही.

काल तिनं ड्रायरची जाळी साफ केली.
बोटभर जाडीचा करडा गोळा,
मऊ, मेलेल्या उंदरासारखा.
दिव्यापाशी नेला तर आतून चकाकला.
धूळ त्यांची, चमकी ह्यांची,
आणि मधे आमच्याच टॉवेलांचा कापूस.
"हे कुठलं?" मी विचारलं.
तिनं तो उलटा केला, सुलटा केला,
वाचता आला नाही.

तेवढ्यात बेल वाजली.
अकरा नंबरला बर्फ हवा होता.
तो आमच्याकडे फुकट आहे.