सही : हि. मढवी

आमच्या महापेच्या ऑफिसात, पाचव्या मजल्यावर,
बायकांसाठी चार दारं.
पहिल्यात कुणीच जात नाही,
कारण पहिल्यात सगळ्याच जात असणार
असं सगळ्यांनाच वाटतं.
म्हणजे सगळ्यात स्वच्छ तेच.
हे मला कळतं.
तरी मी तिसऱ्यात जाते.

वैजयंती सीटवर टिश्यूची रांगोळी घालते,
पाकळीला पाकळी जुळवून.
अनघा टेकतच नाही. अधांतरी राहते
मांड्या थरथरेपर्यंत,
आणि जे सांडतं त्यावरून
बाकीच्यांना नावं ठेवते.
लोबो मॅडम आधी नळ सोडतात, पूर्ण, धो धो,
आपल्याला त्यांच्या देहाचा आवाज कळू नये म्हणून.
मी कडी कोपराने लावते.
आणि सीट कोमट लागली की शहारते :
आत्ता, इथे, कोणीतरी होतं.
तीच ऊब बसच्या सीटला असते,
वाशीपर्यंत खुशाल चालते.

दारामागे तक्ता. दहा, अकरा, बारा,
प्रत्येक तासापुढे एकच सही : हि. मढवी.
वेलांटी वरच्या तासात घुसलेली.
सहा वर्षं वाचतेय.
सही करणारी कुठे जाते
हे काही मनात आलं नव्हतं.

मंगळवारी एमआयडीसीचं पाणी गेलं.
चारही दारांवर कागद चिकटले.
चार वाजेपर्यंत दात दाबून जीएसटी भरला,
मग जिन्याने, एकेक पायरी जपत,
तळघरात उतरले.
जनरेटरच्या मागे, पाइपांखाली
एक निळं दार. कुलूप.
शेजारी स्टुलावर हिराबाई,
डब्याला शेवटची भाकरी फिरवत.

न सांगता कळलं तिला.
बांगडीच्या सेफ्टीपिनेतली किल्ली सोडवली
आणि थांबली.
माझ्या तोंडाकडे नाही,
सँडलकडे बघत राहिली.
ते बघणं माझ्या ओळखीचं होतं.

"चपला भायेर कारा, मॅडम.
आन पानी बेतानं. दोनच बादल्या हायेत.
आमी दोघीच वापरतो, मी न शकुंतला."

अनवाणी आत गेले.
फरशी कोरडी. तांब्या पालथा.
थंड पेयाच्या बाटलीत मनीप्लँट, दोन पानांचा.
पाय ठेवायच्या जागेवरच्या रेघा
घासून घासून पुसट झालेल्या.
मी कशालाच हात लावला नाही.
पण या वेळी भीती वेगळी होती,
आपला काही माग राहू नये, अशी.

बाहेर येऊन थँक्यू म्हणाले.
ती हसली-बिसली नाही.
किल्ली परत घेतली, दोन बोटांत.

जिन्याच्या अर्ध्यात पोचले असेन,
तेव्हा खालून ऐकू आलं :
बादलीच्या कडीचा आवाज,
भस्सकन ओतलेलं पाणी,
दोनातली एक संपली,
आणि मग
खराटा.