पॅकिंग

मे महिना, दिघोरी, सकाळचे साडेसात
आणि अंगणातली फरशी आत्ताच चटका देतेय.
बाबांची राजदूत पोत्यावर आडवी.
क्लचच्या झाकणातून तेल ठिबकतंय,
खाली श्रीखंडाचा डबा.

सहा स्क्रू. पाच सुटले.
सहाव्याचं डोकं बाबांनीच कधीतरी गुळगुळीत करून ठेवलेलं,
छिन्नी तिरपी लावून ठोकत बसतो.
कुंदाताई पाटावर,
निघाला तो स्क्रू कुकरच्या झाकणात टाकते.

झाकण निघालं.
कडेचं जुनं पॅकिंग ब्लेडनं खरवडतो
तर तेलकट तपकिरीतून अक्षरं:
चि. सौ. कां. कुं
पुढे स्क्रूचं भोक.

हात थांबतो.
एकोणीस वर्षं. इतवारीतून छापून आणलेल्या तीनशे पत्रिका,
आणि कामठीहून आलेला निरोप, दोन ओळींचा.
बाबांनी सगळ्या बंबात घातल्या
असं मी समजून होतो.

ताई वाकून बघते.
"अबे, जाडच होता कागद. मीच तं निवडला होता."
मग, स्क्रू चाळवत,
"मीच देत होती बाबाले. गळाली का एक."

आत जाते. कपाटावरून पेटी ओढल्याचा आवाज.
परत येते ती करकरीत एक घेऊन,
हळदीचं बोट अजून कोपऱ्यावर.

पत्रिका झाकणावर ताणून धरतो,
हातोडीनं कडेकडेनं टकटक.
कागद धारेवर आपोआप तुटत जातो.
वरचा गणपती वाचवायला बघतो, जमत नाही.

"ग्रीस लाव दोन्हीकून," ताई म्हणते,
"नाहीतर पुढच्या बारीले निघत नाही."