बसून

बस्त्यावने पेटीवरची जाळी पंचाने झटकली,
म्हणाला, घडशीबुवा, तुमच्या जातीतलं काहीतरी आहे, बघा.
कोर्लईच्या चर्चचा माळा,
मोडक्या समया, उंदरांच्या लेंड्या.

मी वाकलो. वाटलं, मुसळ.
पण मुसळाला भोकं नसतात,
नसतात पितळेच्या दोन चाव्या, पोपटाच्या पंजासारख्या.
ओंडका एकच, सबंध,
आणि आत दोन विहिरी शेजारी शेजारी,
तळाशी एकमेकींत उतरलेल्या.
म्हणजे फुंक खाली जाते, वळते, वर येते,
आमची कुंडलिका भरतीला आत जाऊन
ओहोटीला परतते, तशी.

मागल्या शिमग्यात पुण्याहून एक पोरगा आला होता,
मोजमापाचा चिमटा घेऊन.
त्याने सांगितलं ते मला असं समजलं:
आधी ही सनईचीच थोरली बहीण,
सरळसोट, माणसाहून उंच.
वाजवणाऱ्याची बोटं भोकांपर्यंत पोचेनात,
मिरवणुकीत पुढून धरायला दुसरा गडी लागे.
मग कुणा सुताराला सुचलं,
किंवा त्याच्या बायकोला, चादरीची घडी घालताना,
की लांबी तोडायची नाही, दुमडायची.
त्याचं नाव नाही.
देश कुठला, यावरही भांडतात म्हणे.

पुढे शंभरेक वर्षांनी तिचे चार तुकडे झाले,
एकात एक बसणारे.
चाव्या वाढल्या, तीन, चार, मग इतक्या
की बोटांना लाकूड लागेनासं झालं.
साहेबाने नाव ठेवलं बसून.
मी हसलो.
आम्हीही बसूनच वाजवतो की,
मांडवाच्या कडेला, शेवटची पंगत उठेपर्यंत.

ही मात्र तुकडे पडण्याआधीची.
बस्त्यावची आई हिला बायशांव म्हणते.
तिने कधी ऐकली नाही. तिच्या आजीनेही नाही.
नाव तेवढं तोंडात राहिलं,
खाऊन झालेल्या आवळ्यासारखं.

पेटीत एक वही होती. पोराने वाचून दाखवली.
गाणाऱ्या आठ मुलांची नावं,
पाद्रीचं, घंटा ओढणाऱ्याचंसुद्धा.
शेवटी: खालचा सूर धरणारा,
सालाला दोन मण भात, एक बुधला खोबरेल.
बस.

मी एकतीस वर्षं सूर धरतोय.
सनई भिकाजीची, माझ्या थोरल्याची.
फेटा त्याला बांधतात.
मला पोरं विचारतात, काका, तुमची बोटं का हलत नाहीत?

ताडाचं पान घरात होतं. भिजवलं, कापलं,
दोऱ्याने आवळलं,
नेहमीच्या जिव्हाळीच्या तिप्पट रुंद.
पितळेची वाकडी नळी चिंचेने घासली.
बस्त्यावने भेग मेणाने बुजवली.
पहिल्या फुंकेला धूळ आली, आणि कोळ्याचं घर.
दुसरीला नुसता वारा.
तिसरीला
असा आवाज, की खाली निजलेलं कुत्रं उभं राहिलं.
म्हशीचा नाही, भोंग्याचा नाही.
होडी रेतीला घासत किनारी लागते
तेव्हा तळपायांना जो ऐकू येतो, तो.

मागच्या खळ्यावर बस्त्यावची आई बोंबील उलटत होती.
वर बघून त्यांच्या जुन्या बोलीत काही बोलली.
काय म्हणते?
म्हणते, हं, हाच.

तेवढ्यात जिव्हाळी फाटली.
दुसरी करा, बस्त्याव म्हणाला,
भरती उतरली की या.

परवा रेवदंड्याला लग्न होतं.
तान संपवून भिकाजी वळला,
आज सूर एवढा का उतरलाय रे?
सूर तोंडात होता.
उत्तर द्यायचं तर
सोडावा लागला असता.