चार बोटं

लिस्बनच्या उतारावर, आमच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत
एक भिंत मी रिकामी ठेवली आहे.
ना चित्र, ना कॅलेंडर.
सेन्योर आदेरितु तिला पाठ लावून उभे राहतात:
टाचा टेकतात, ढुंगण टेकतं, पाठ जेमतेम,
डोकं मात्र अधांतरी.
मधल्या फटीत माझी चार बोटं मावतात.

चाळीस वर्षं उकिडवं बसून
त्यांनी या शहराचे फुटपाथ घातले.
पांढरा चुनखडक, काळा बेसाल्ट,
मुठीएवढा एकेक दगड हातोडीनं बेतून.
जांघेतले स्नायू आखडत गेले,
शेळीचं दावं आखूड पडावं
तशी कंबर पुढं ओढली जाते.
पोटाचे झोपलेत.
पाठीचे एकटेच राबतात,
रात्री कुरकुरतात.

"ताठ उभं राहायला मला लष्करानं शिकवलंय, पोरी."
छाती फुगवून ते श्वास रोखतात.
मी घड्याळ बघते. सतरा सेकंद.
मग सगळं ओघळतं.

ताठ म्हणजे ताठर नव्हे,
हे कुठल्या शब्दांत सांगू?
आधी सैल करा, म्हणते, मग बळ भरू.
एक गुडघा जमिनीवर, कंबर हळूच पुढं, तीस आकडे.
आता पालथे पडा, खांद्यांची पाती मागं,
जवळ, अजून जवळ,
मध्ये एक नाणं धरलंय असं समजा.
ते शिव्या घालतात.
त्यांतल्या दोन मला नव्या.

नोव्हेंबरात एकदा स्वतःहून बोलू लागले:
"दगड सिमेंटात बसवला की तडकतो.
आम्ही खाली वाळू घालतो.
शेजारी शेजाऱ्याला दाबून धरतो,
तरी जरासा हलतो.
म्हणून तर ट्रकचं चाक..."
आणि थांबले.
हात कमरेवर होता, आपलाच,
जणू नुकताच कुणी आणून ठेवलेला.
मी गप्प राहिले, चादरीची घडी घालत.

मार्चमध्ये दोन बोटं उरली.
दोनच राहतील. हाडांनी आपलं केव्हाच ठरवलंय.

काल उशिरा आले, धापा टाकत.
"सत्त्याऐंशी साली मीच घातलेल्या गल्लीतून आलो.
दगड न् दगड ओळखतो तिथला.
पण वर, ग्रासिएत, पार तिसऱ्या मजल्यापर्यंत
निळ्या फरशा आहेत!
जहाजं आहेत त्यांवर, एक देवमासाही.
कधी बसवल्या?"

दोनशे वर्षं तरी झाली असतील.

"नव्या दिसतात," मी म्हटलं,
आणि भिंतीपुढची खुर्ची बाजूला ओढली.