ग नसलेली होडी

होडी जाळायची तर चौघांची संमती लागते.
बाबांच्या पश्चात बंदराच्या नोंदवहीत
मालक म्हणून आम्ही चौघं.
तळ कुजलाय तिचा. जूनमधल्या सर्वांत छोट्या रात्री
हीऊमाच्या किनाऱ्यावर गाव मोठा जाळ करतं,
म्हाताऱ्या होड्या त्यातच जातात. जुनी रीत.

मसुदा मी केला. सात ओळी.
कार्ड खाचेत सरकवलं, पाच आकडे दाबले,
हिरवी खूण उमटली:
मारेत, मंगळवार, रात्री नऊ चौदा.
इतकंच.
टोक कागदात रुतलं नाही, शाई फुटली नाही,
नावाखाली बाबांसारखी ओढलेली
ती लांबलचक रेघही नाही.

मग फाइल समुद्र ओलांडून ऊर्मोकडे, औलूला.
त्यानं मचाणावरच, हातमोजा दातांनी ओढून,
फोनवर अंगठ्यानं सही केली. बारा वाजून दोन मिनिटं.
आइताची आली तार्तूच्या इस्पितळातून,
पहाटे तीन सत्तावीसला.
आईच्या भिंतीवरल्या घड्याळावरून
चार महिने बोललो नव्हतो आम्ही.
त्या आकड्यांवरूनच कळलं,
अजून रात्रपाळीच करते.

इथं कुणाची सही कुणाला झाकत नाही.
जो तो आपल्या जागी,
पण नजर सगळ्यांची त्याच सात ओळींवर.
नवा माणूस आला तर जुने हलत नाहीत.
मात्र एखादा काना सरकला, एक टिंब गळलं
की सगळ्या एकदम तोंड फिरवतात.
एका शब्दावर असं ठाम राहणं
आमच्या घरात कुणाला कधी जमलं नव्हतं.

राहिला लेंबित.
धाकटा, बेटावरच राहिलेला,
दर वसंतात होडी उपडी करून डांबर लावणारा.
एक दिवस गेला. चार गेले.
पाचव्या दिवशी फोन: "ही आपली होडी नाही."
"म्हणजे?"
"हेल्गी लिहिलंयस तू. आपली हेली आहे."

मी तिसरीत होते.
बाबा धक्क्यावर ओणवे होऊन आईचं नाव रंगवत होते,
शेजाऱ्याशी हेरिंगच्या भावावर हुज्जत घालत घालत,
आणि त्या हुज्जतीत ग राहून गेला.
हेल्गीची झाली हेली, आमच्या भाषेत आवाज.
आई कॉफी घेऊन आली, वाचलं,
थर्मास खाली ठेवला आणि फळीवर बसून हसली,
डोळे पुसत, परत वाचत, परत हसत.
"राहू दे," म्हणाली, "आवाज तर माझाच आहे घरात."
मग दरवर्षी बाबा विचारायचे, घालू का गं ग?
दरवर्षी ती म्हणायची, राहू दे.
चाळीस वसंत त्यांनी ती चूक
अक्षर न् अक्षर जपून गिरवली.

आणि मी, शहाणी, ती एका झटक्यात सुधारून बसले.

ग काढला.
तिघांच्या सह्या त्या क्षणी पोरक्या.
नवी फाइल, तिच्यात कुणीच नाही.
सगळ्यांना लिहिलं: पुन्हा करावी लागेल. कारण, ग.
ऊर्मोनं नुसता अंगठा पाठवला.
आइतानं लिहिलं नाही, फोन केला.
आधी काहीच नाही, इस्पितळाची कुठली तरी घंटा,
मग हसू, थेट आईचं,
थर्मास खाली ठेवल्यासारखं थांबून.
घड्याळाचा विषय निघाला नाही.

आता चारही हिरव्या आहेत.
लेंबितची शेवटची, मध्यरात्रीला दोन मिनिटं कमी असताना.
त्यानंतर लगेच त्याचा प्रश्न:
नावाच्या फळीचं काय? तीही जाळायची?
सात ओळींत फळीबद्दल अक्षर नाही.
आठवी घालायची तर पुन्हा मीच आधी,
पुन्हा औलू, पुन्हा तार्तू, पुन्हा बेट.

"घालू या ना," आइतानं कळवलंय.
तीन वाजून एकोणीस मिनिटं.