वाटीभर

गहाणेंच्या राइस मिलचं मागचं गोदाम
अश्विनात रिकामं असतं.
जुनं धान भरडून गेलेलं,
नवं अजून बांधीत उभं, लोंब्यांत दूध भरतंय.
तेवढ्या दिवसांसाठी मी ते मागून घेतो.
भाडं म्हणून त्यांच्या नातवाच्या बारशाचा व्हिडिओ.

एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माइक,
मधे शंभर फूट काहीच नाही,
कोंड्याचा वास सोडला तर,
आणि टिनाखालच्या चिमण्या.
केबल मोहाच्या फांदीवरून माझ्या खोलीत येते.
इथे भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेत,
आवाज जिथल्या तिथे मरतो.
मी पहाटेच बसतो, मिलचा पट्टा फिरायच्या आत.

उरकुडा लांजेवार, आमच्या दंडारीचा म्होरक्या,
मिक्सरवरच्या निळ्या बटनावर बोट ठेवून म्हणाला,
"हे सेंड म्हंजे माहा आवाज कोठी धाडतेस रे बाप्पा?"

आवाज कुठंच जात नाही, काका.
तो इथंच आहे, कोरडा, तुमच्या दम्यासकट.
त्यातला फक्त वाटीभर गोदामात पाठवतो.
शेजारी भाजी देतो ना आपण,
हंडी चुलीवरच राहते.

"आन् वाटी?"

वाटी कधी रिकामी परत आली आहे का?

ढोलकीला अर्धी. चोनक्याला शीग लावून.
टाळांना चमचाभरच,
जास्त दिलं की गोदाम दिवसभर झिणझिणतं.
उरकुडा आणि मुक्रू शेंडे एका धुऱ्यावरून
नऊ वर्षं बोलत नाहीत.
एक सोमवारी येऊन गायला, एक गुरुवारी,
चपलाही एकमेकांच्या पाहिल्या नाहीत.
पण गोदाम एकच.
तिथल्या उत्तरेच्या कोपऱ्यात
दोघांचे शेवटचे स्वर एकाच टिनावर आपटून येतात,
आणि कुठला कुणाचा
ते मलाही सांगता येत नाही.

मग पारबताबाईचा फोन.
दंडारीत बाईचं सोंग आजवर पुरुषानंच घेतलं,
ही पहिल्यांदा खरीखुरी बाई गायलेली.
"जावई म्हन्ते, मंडईत सासूचा आवाज वाजला
तं आमी येनार नाई.
माहा आवाज काहाडून टाक."

तिचा फेडर मी खाली ओढला. तळापर्यंत.

ती येतच राहिली.

दुरून. शब्द गेलेले,
नुसती ओळींची शेवटं,
भिंत ओली असावी तशी गाण्याच्या मागे.
मग लक्षात आलं, सेंड मी फेडरच्या आधीच घेतलेला.
हंडी उतरवली,
वाटी केव्हाच निघून गेली होती.
चूक माझी. एक बटन दाबायचं होतं.
बोट तिथंच राहिलं, चहा गार झाला.

दुपारी मोबाइल घेऊन तिच्याकडे गेलो.
ती अंगणात लाखोळीची डाळ निवडत होती.
कानात तार घातली,
सुपावरचे हात थांबले नाहीत.

"हे कोन होय?"

गोदाम.

"बाईवानी वाटते."

थोडं थोडं.

तिनं पुन्हा लाव म्हटलं.
पुन्हा ऐकलं. एक खडा उचलला,
उगाच बराच वेळ बोटांत धरला.

"चिमन्या बी हायत थे."

हो, त्या येतात मधेमधे.

"त्यायले नोको काहाडू."

पाचव्या गाण्याला हलक्या धानाचा पहिला ट्रॅक्टर आला.
पोत्यांची थप्पी चढू लागली
तशी वाटी रोज थोडी उणी परतू लागली.
पोतं आवाज पितं, परत देत नाही.
आठव्याला गहाणे म्हणाले,
"भोंगा उचल बाबू, जागा पाह्यजे."
तार गुंडाळताना मोहाची दोन पानं तुटली.

शेवटची दोन गाणी कोरडी आहेत.
ऐकणाऱ्याला वाटेल, मी पाठवायचं विसरलो.
तसं नाही.
धान आलं होतं.