काटा शून्यावर

विश्रामबागेत, बियाणांच्या दुकानावरची खोली माझी.
दोन खुर्च्या, एक टिपॉय,
टिश्यूचा डबा, जो इथं कुणी उघडत नाही:
बायका पदर वापरतात, पुरुष खिडकी.

श्रीमंधर चौगुले बुधवारी येतात.
वजनकाटे दुरुस्तीचं दुकान,
हळदीच्या अडत्यांचे निम्मे काटे त्यांच्या हाताखालून गेलेले.
पहिल्या दिवशी मी विचारलं, शिकवलं होतं तसं,
शून्य ते दहामध्ये सांगा, त्रास किती?
म्हणाले, फुटात सांगितलं तर चालेल?
आयर्विन पुलाजवळ मोजतात तसं.
आज एकेचाळीस.
मी वहीत एकेचाळीस लिहिलं.
पुण्यातल्या कुणाला कळलं नसतं.
मला कळलं: घर अजून सोडायचं नाही,
पण रात्री झोपायचंही नाही.

शिकताना एक बाई सांगायच्या,
मागं जा, बालपणात, सगळं तिथं पुरलेलं असतं.
मी चौगुल्यांना मागं नेलं.
ते गेले, भिडस्त माणूस,
लांबच्या नात्यातल्या लग्नाला जावं तसे,
आणि जेवून परत आले.
चांगलं होतं म्हणाले. वडील कडक होते.
पण मारायचे नाहीत.

मग तीन रकान्यांचा कागद दिला:
प्रसंग. मनात आलेला विचार. त्याला पुरावा.
घडी घालून त्यांनी खिशात ठेवला.
पुढच्या बुधवारी तोच कागद, तीच घडी, कोरा.
"पुरावा काय लिहू मॅडम?
तो गेला, हाच की पुरावा."

गप्प बसण्याचीही एक पद्धत असते,
आणि तिचीही फी तेवढीच.
बावीस मिनिटं आम्ही बसलो.
खाली कुणीतरी भेंडीच्या बियाण्यावरून घासाघीस करत होतं.
तेविसाव्या मिनिटाला चौगुले म्हणाले,
तुमचा पंखा एका अंगाला ओढतोय.

शेवटी तिसरी खुर्ची मागवली, शेजारच्या क्लासमधून.
म्हटलं, इथं नेमू बसलाय असं समजा.
मला स्वतःलाच ते नाटकी वाटलं.
चौगुले उठले. आधी खुर्ची हलवून पाहिली.
एक पाय आखूड.
खिशातला तो कोरा कागद काढला, आणखी दोन घड्या घातल्या,
पायाखाली सरकवला, पुन्हा हलवून पाहिली.
मग समोर बसले. आणि त्या खुर्चीला म्हणाले,

"वजनं लोखंडाची होती रे.
पाण्यात विरघळत नाहीत.
होडीतनं उतरून परत कशाला गेलास?
पाणी ओसरल्यावर मिळालीच की.
सगळी. पन्नास ग्रॅमचंसुद्धा."

खिडकीकडे ते फार वेळ बघत राहिले.

सरांचा फोन आला: कुठली पद्धत वापरलीस?
मी म्हटलं, खुर्चीची.
कागद पायाखाली गेला, ते सांगायचं राहिलं.

कधीतरी मीच त्यांना विचारलं होतं, काटा तपासता कसा?
"आधी रिकामा बघायचा.
पारड्यात धूळ असली तरी
ती गिऱ्हाइकाच्या नावावर चढते."
तेव्हापासून बुधवारी मी दहा मिनिटं लवकर येते.
दार लावून घेते.
आईचे रिपोर्ट, भावाशी झालेलं भांडण,
आपण कुणालातरी बरं करतो हा माज,
एकेक खाली उतरवते.
काटा थरथरतो.
शून्याच्या जवळ येतो,
पूर्ण शून्यावर आलेला अजून पाहिला नाही.

जिन्यात चपला वाजतात.
आज किती?
"अडतीस."
उतरतंय म्हणायचं का?
चौगुले खुर्ची हलवून बघतात, बसतात.
"तसं नका म्हणू.
कोयनेतनं किती सोडतात, त्यावर आहे."